गाजरगवतावरचा पट्टेरी पाहुणा

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आम्ही रोडपालीत गाजरगवत उपटण्याची मोहीम काढली होती. कल्पना माझीच. गावातली चाळीसएक मुले जमवली, हातमोजे वाटले, तोंडाला रुमाल बांधायला लावले आणि एका सकाळीत तीन पडीक खाचरांच्या बांधांवरचे गवत मुळासकट उपटून चार मोठे ढीग लावले. वडापाव झाला, फोटो निघाले, दोन ज्येष्ठांची भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून घरी येताना मी सहज त्या ढिगांपाशी थांबलो. ढिगातून पिवळसर-पांढऱ्या, फुगीर पाठीच्या अळ्या शेकड्यांनी बाहेर पडत होत्या. कोमेजलेला पाला त्यांना खाता येत नव्हता आणि आसपास एकही हिरवे रोप आम्ही ठेवले नव्हते. काही मुंग्यांच्या तोंडी होत्या, काही उन्हात वाळल्या होत्या.

त्या अळ्या कोणाच्या, हे मला माहीत होते. पुस्तकात त्यांचे चित्र मी पाहिले होते, वहीत उतरवूनही घेतले होते. फक्त मोहिमेच्या आदल्या दिवशी बांधावर जाऊन एक पान उलटून पाहण्याचे सुचले नव्हते. गाजरगवत संपवायला निघालेल्या मी, गाजरगवत खाऊन जगणाऱ्या एकमेव भुंग्याची आमच्या गावातली एक पिढी एका सकाळीत संपवली होती.

हा लेख त्या भुंग्याविषयी आहे. मी कीटकशास्त्राचा पदवीधर नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात वाचनालय, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका आणि बांधावरची निरीक्षणे यांच्या आधारे जे शिकता आले ते शिकलो. त्यामुळे इथे दोन प्रकारची माहिती आहे. शास्त्रज्ञांनी तपासून मांडलेली आणि मी डोळ्यांनी पाहिलेली. दोन्हींची सरमिसळ होऊ नये याची काळजी घेतली आहे.

गवत नसलेले गवत

गाजरगवत हे गवत नाही. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव आणि ते सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातले आहे. पाने गाजराच्या पानांसारखी म्हणून गाजरगवत, पांढऱ्या टोपीसारखी फुले म्हणून काँग्रेस गवत. काही भागांत त्याला चटकचांदणी असे गोड नावही आहे. मूळ मुलूख मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा.

ते भारतात कसे आले याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. अमेरिकेतून पीएल-४८० करारानुसार आलेल्या मिलो गव्हातून ते आले, असे सांगितले जाते. गोष्ट पटण्यासारखी आहे, पण तारखा तिला पूर्ण साथ देत नाहीत. पुण्यात ही वनस्पती १९५५ मध्ये आढळली आणि राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. मूळ अमेरिकी कायदा १९५४ चा असला तरी भारताशी करारावर सह्या १९५६ च्या आहेत आणि मोठ्या प्रमाणावर धान्य येऊ लागले ते त्यानंतर. शिवाय रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींच्या यादीतही पार्थेनियमचे नाव आहे. म्हणजे गव्हाने त्याचा प्रसार वाढवला असेल, पण ते देशात पहिल्यांदा आले ते गव्हातूनच, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे आहे.

पुढचे मात्र सर्वांना दिसते. एक चांगले वाढलेले झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलोऱ्यावर येते. बी वाऱ्याने, पाण्याने, ट्रकच्या चाकांनी आणि सर्वांत जास्त मुरमाच्या भरावातून जाते, आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य आसपासच्या इतर रोपांची वाढ रोखते, जनावरांना बाधते आणि माणसाच्या कातडीला चटका देते.

त्या चटक्याचा अर्थ मला घरातच कळला. माझे थोरले चुलते भाताच्या हंगामाबाहेर वालाच्या आणि भाजीच्या तुकड्यात राबत. पन्नाशीत त्यांच्या मानेला, कोपरांच्या खोबणीत आणि पापण्यांवर खाज सुरू झाली. उन्हात गेले की वाढायची, पावसाळा संपताना असह्य व्हायची. दोन वर्षांत मानेची कातडी म्हशीच्या कातडीसारखी जाड झाली. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी निदान केले आणि उपाय सांगितला, या झाडापासून लांब राहा. शेतकऱ्याने बांधापासून लांब कसे राहायचे, हे सांगायला औषधाच्या चिठ्ठीत जागा नसते. त्यांनी शेवटी शेतात जाणे सोडले. त्यांच्याकडून मी गाजरगवताचा द्वेष शिकलो आणि त्या द्वेषातूनच ती मोहीम निघाली होती.

भुंगा कसा आला

परक्या मुलखातून आलेले तण बेसुमार वाढते याचे एक साधे कारण असते. त्याला खाणारे कीटक मूळ मुलखातच राहिलेले असतात. मग ते कीटक शोधून, तपासून, नव्या देशात सोडायचे, या पद्धतीला जैविक नियंत्रण म्हणतात. गाजरगवताच्या बाबतीत मेक्सिकोत सापडलेल्या कीटकांपैकी झायगोग्रामा बायकोलोराटा हा पाने खाणारा भुंगा उपयोगी ठरला. ऑस्ट्रेलियाने तो १९८० मध्ये सोडला. भारतात तो १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला, इथल्या पिकांना तो त्रास देणार नाही याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये तो मोकळा सोडण्यात आला. या कामात के. पी. जयंत यांचे नाव महत्त्वाचे आहे. भुंग्याचे भारतातले वर्तन कसे आहे, हे आज आपल्याला माहीत आहे ते बरेचसे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासामुळे.

पुढे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तो देशभर पोहोचवला. आपल्याकडे कृषी विद्यापीठांनी त्याची पैदास करून शेतकऱ्यांना दिला. काही ठिकाणी तो कोणी न नेताही पोहोचला. पाकिस्तान आणि नेपाळमध्ये तो मुद्दाम सोडलेला नव्हता, तिथे तो भारतातून आपणहून पसरला. रोडपालीत त्याला कोणी आणले, ते मला सांगता येणार नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो आलेला होता.

दिसायला तो देखणा आहे. लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास, डोके तपकिरी, पंख मळकट पांढरे आणि त्यांवर गडद तपकिरी उभे पट्टे. बटाट्याच्या पिकासाठी अमेरिकेत आणि युरोपात कुप्रसिद्ध असलेल्या कोलोरॅडो भुंग्याचा हा जवळचा नातेवाईक. भाताच्या खाचरातले निळे भुंगेरे आणि काकडी-पडवळाच्या वेलावरचे लाल भुंगेरे हेही याच पर्णभक्षक भुंग्यांच्या मोठ्या कुळातले. पट्टेरी पाहुण्याच्या अडचणींपैकी एक अडचण या नात्यातच आहे. शेतकऱ्याने आयुष्यभर भुंगेरा म्हणजे कीड हेच शिकलेले असते.

एका भुंग्याचे वर्ष

या भुंग्यावरची संकटे समजून घ्यायची तर त्याचे वर्ष समजून घ्यावे लागते.

मृगाच्या सरी पडल्या, जमीन ओली झाली की जमिनीत झोपलेले भुंगे वर येतात. त्याच वेळी गाजरगवताची नवी रोपे उगवत असतात. मादी पानांच्या खालच्या बाजूला पिवळट अंडी घालते. एक मादी आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालू शकते. चार-पाच दिवसांत अळ्या निघतात आणि शेंड्याची कोवळी पाने व कळ्या खातात. शेंडा खुडला गेला की झाडाची फुले लांबतात किंवा कमी येतात, आणि भुंग्याचे खरे काम इथेच आहे. दहा-पंधरा दिवसांत अळी वाढते, खाली उतरते आणि मातीत शिरून कोश करते. आणखी आठ-दहा दिवसांनी भुंगा बाहेर. म्हणजे अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना, आणि पावसाळ्यात अशा तीन-चार पिढ्या.

बंगळूरच्या अभ्यासात दर झाडामागे एक भुंगा एवढी संख्या झाली की चार ते आठ आठवड्यांत झाडांवर फक्त देठ आणि शिरा उरतात, असे दिसले. मी स्वतः सप्टेंबरात असा एक बांध पाहिला आहे. दुरून पाहिल्यावर कोणीतरी पाला ओरबाडून नेला असावा असे वाटत होते.

पाऊस ओसरू लागला की भुंगे टप्प्याटप्प्याने जमिनीत उतरतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत बहुतेक सगळे खाली गेलेले असतात आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच असतात. या काळात ते खात नाहीत, हलत नाहीत. वर्षाचे सहा-सात महिने हा कीटक म्हणजे वितीभर मातीत निपचित पडलेला एक दाणा असतो.

ही सगळी माहिती एका वाक्यात सांगायची तर अशी. या भुंग्याला जगायला दोन गोष्टी लागतात, पावसाळ्यात गाजरगवत आणि वर्षभर न हललेली माती. यांतली एक जरी गेली तरी तो त्या जागेपुरता संपतो. ज्याचे अन्न एकच वनस्पती आहे, त्याला दुसरे घर शोधायला वेळ लागतो.

सूर्यफुलाचा आरोप

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून तक्रारी आल्या की हा भुंगा सूर्यफुलाची पाने खातो. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातले, त्यामुळे शंका रास्त होती. मोठा गदारोळ झाला, भुंगे सोडण्याचे काम थांबले आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. तपासात असे दिसले की आसपासच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्यांच्या चवीने भुंगा ती पाने कुरतडतो. गाजरगवत खाऊन संपल्यावर भुकेले भुंगेही शेजारच्या पिकावर जाऊन बसतात. पण सूर्यफुलावर त्याची पिढ्यानपिढ्यांची वस्ती टिकत नाही. पुढे भुंगा पुन्हा वापरात आला.

शास्त्राच्या दृष्टीने तो विषय मिटला. लोकांच्या मनात मात्र राहिला. आजही कोणाला हा भुंगा दाखवला की पहिला प्रश्न येतो, हा उद्या आपल्या भाजीवर नाही ना येणार? आमच्या शेजारच्या मावशींनी तर मी तळहातावर धरलेला भुंगा हातावरच चिरडला आणि म्हणाल्या, "बाबा, कीड कधी कोणाची झाली आहे का?" त्यांचे कारल्याचे वेल आदल्याच वर्षी लाल भुंगेऱ्यांनी खाल्ले होते. त्यांचे चुकले असे मी कसे म्हणू?

बांधावरची संकटे

मी वहीत ज्या नोंदी केल्या, त्यांवरून या भुंग्यावर येणारी संकटे अशी मांडता येतात.

पहिले संकट वेळ न पाहता केलेल्या उपटणीचे. ऑगस्टच्या १६ ते २२ या दिवसांत देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. उपक्रम चांगला आहे आणि त्यात भुंग्यांचे वाटपही होते. पण गावोगावच्या मोहिमांत फक्त उपटणे उरते. हे दिवस नेमके अळ्यांच्या भरतीचे असतात. भुंगा उडून जाऊ शकतो, अळी जाऊ शकत नाही. आमच्या ढिगांपाशी मी जे पाहिले ते असेच अनेक गावांत घडत असणार.

दुसरे संकट तणनाशकाचे. पूर्वी बांध विळ्याने कापला जाई, तेव्हा बुडखे राहत आणि पुन्हा फुटत. आता मजुरी परवडत नाही, पाठीवरचा पंप परवडतो. फवारल्यावर आठ-दहा दिवसांत सगळा बांध एकदम पिवळा पडतो. औषधाने भुंगा थेट मरो वा न मरो, अळीचे अन्न एका झटक्यात संपते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या परवानाधारकांनीच करावी, अशी अधिसूचना काढली. तिचे कारण माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचे होते. बांधावरच्या किड्यांचा विचार त्यात येण्याचे कारण नव्हते.

तिसरे संकट दुसऱ्यांसाठी केलेल्या फवारणीचे. भेंडी-वांग्यावर मारलेले कीटकनाशक वाऱ्याने बांधावर येते. वस्ती वाढली तशी पावसाळ्यात डासांसाठी धूरफवारणी आली. तीही संध्याकाळी, नाल्यांच्या कडेने, म्हणजे जिथे गाजरगवत दाट तिथेच.

चौथे संकट मातीचे. माझ्या मते सर्वांत मोठे हेच. भुंगा वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ मातीत असतो आणि आपण माती हलवतो ती नेमकी त्याच काळात. भाताची कापणी झाली की वालासाठी रोटाव्हेटर फिरतो. शेकोटीसाठी, पोपटीसाठी, राब भाजण्यासाठी जाळ लागतो. मोठी नांगरट आणि आग बांधाच्या कडेला आली की वरच्या थरातले भुंगे राहत नाहीत. उलट, खोलगट जागी पावसाळ्यात पाणी तुंबले की कोश कुजतात. आमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. म्हणून भाताच्या खाचरात हा भुंगा नसतोच. तो असतो बांधावर, खळ्याच्या कडेला, वरकस तुकड्यावर.

पाचवे संकट भरावाचे. रोडपालीचे चित्र ज्यांनी तीस वर्षांपूर्वी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. एका बाजूला कळंबोली, दुसऱ्या बाजूला तळोजे, मधून कासाडी, आणि खाडीच्या बाजूला खारभूमीची शेते. सिडकोच्या वसाहती आल्या, गावाभोवती सेक्टर पडले. शेत आणि इमारत यांच्या मध्ये जमिनीची एक तिसरी अवस्था असते. शेती थांबलेली असते, बांधकाम सुरू झालेले नसते. पाच, सात, दहा वर्षे जमीन नुसती पडून असते. त्या पडीक जमिनीवर गाजरगवत माजते आणि मागोमाग भुंगाही वाढतो. गावकऱ्यांना वाटते भुंगा वाढला. मग एके दिवशी डंपर येतात, सहा फूट मुरूम पडतो आणि खाली झोपलेली सगळी वस्ती गाडली जाते. त्या मुरमातून गाजरगवताचे बी मात्र ताजे आलेले असते. पुढच्या पावसात भरावावर गाजरगवत पुन्हा हिरवे, आणि त्यावर भुंगा नाही.

माझ्या नोंदींतली ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. आपण तण आणि त्याचा शत्रू दोघांनाही एकाच डंपरखाली घालतो. तण परत येते, शत्रू येत नाही.

रशियातला एक धडा

हे फक्त आपल्याकडचे नाही. याच भुंग्याचा एक सख्खा भाऊ, झायगोग्रामा सुट्युरालिस, सोव्हिएत संघाने १९७८ मध्ये उत्तर अमेरिकेतून आणून कॉकेशसच्या उत्तरेकडील स्टाव्रोपोल भागात सोडला. तिथले तण वेगळे, अँब्रोशिया नावाचे, पण तेही गाजरगवताचेच नातलग आणि तेही परागकणांच्या ॲलर्जीसाठी बदनाम. सुरुवातीची वर्षे डोळे दिपवणारी होती. भुंग्यांची एक दाट लाट शेतातून पुढे सरकत गेली आणि मागे तण उरले नाही.

पुढच्या पाहणीत चित्र बदलले. जिथे जमीन वर्षानुवर्षे न हलता होती, तिथे भुंगा टिकला आणि काम करत राहिला. जिथे पिकांची फेरपालट होती, तिथे मातीतून वर आलेल्या भुंग्याला यंदा त्या जागी तण नव्हे तर गहू दिसे. नव्या तुकड्यापर्यंत पोहोचेपर्यंत हंगाम निघून जाई. फेरपालट शेतीसाठी चांगली आणि भुंग्यासाठी वाईट. शेताला आणि भुंग्याला एकाच वेळी जे हवे ते कुठेतरी कडेला, न नांगरलेल्या पट्ट्यात मिळते.

ऑस्ट्रेलियातून दुसरा धडा मिळतो, धीराचा. तिथे १९८० मध्ये सोडलेला भुंगा दहा-बारा वर्षे जवळजवळ दिसेनासा होता. १९९० नंतर तो मोठ्या संख्येने वर आला. त्याआधीच कोणी प्रयोग फसला म्हणून सगळ्या जागा नांगरल्या असत्या, तर तो खरोखर फसला असता.

परक्या किड्याची काळजी कशाला?

हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. हा काही आपला किडा नाही. तो दुर्मीळ नाही, तो कुठल्याही संकटग्रस्त यादीत नाही. देशाच्या पातळीवर तो संपणारही नाही. शिवाय त्याच्या मर्यादा उघड आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उगवणारे हिवाळी गाजरगवत त्याच्या हातून सुटते, कारण तेव्हा तो झोपायला गेलेला असतो. खाल्लेले झाड पुन्हा फुटते. काही शिकारी ढेकूण आणि कोळी त्याला खातात. फक्त त्याच्या भरवशावर गाजरगवत गेले, असे मी कुठे पाहिलेले नाही.

तरीही माझे उत्तर असे आहे. माझ्या चुलत्यांना बांधापासून लांब राहा सांगणारे पुष्कळ होते. बांधावरचे गवत रोज, फुकट, हातमोजे न घालता, विष न वापरता कमी करणारा फक्त हा होता. त्याने निम्म्या झाडांची फुले रोखली तरी त्या बांधावर काम करणाऱ्या बाईच्या मानेवर पडणारे परागकण कमी होतात. बांधावरची उपटणी आजही बहुतेक बायाच करतात, आणि त्यांच्या हाताला मोजे सहसा नसतात. भुंग्याचा प्रश्न शेवटी त्यांच्या कातडीचा प्रश्न आहे.

दुसरे असे की हा भुंगा एक मोजपट्टी आहे. याच बांधावर आपले अस्सल देशी, एकाच झाडावर जगणारे कितीतरी कीटक असतात. त्यांची नावेही आपण घेतलेली नाहीत. ज्या कीटकावर देशाने पैसा खर्च केला, ज्याच्यासाठी सप्ताह साजरा होतो, त्यालाच बांधावर जागा उरत नसेल, तर बिननावाच्या किड्यांचे काय होत असेल?

करता येण्यासारखे

मी माझ्या परीने जे करतो ते सांगतो. त्याला प्रयोगशाळेची गरज नाही.

उपटण्याआधी पान उलटून पाहावे. वीस झाडे पाहावीत. बहुतेक झाडांवर अळ्या किंवा भुंगे दिसले, तर तो तुकडा त्या हंगामापुरता भुंग्यावर सोडावा आणि मोहीम दुसरीकडे न्यावी. भुंगे नसतील तर फुले येण्याआधी, ओल असताना, मोजे घालून उपटावे. न फुललेल्या झाडांचे नाडेप पद्धतीने खतही होते. उपटताना थोडे भुंगे असतील, तर ढीग लगेच जाळू नये. जवळच हिरवी रोपे राहू द्यावीत, म्हणजे अळ्यांना सरकता येते.

भुंगे दुसरीकडे न्यायचे असतील तर जुलै-ऑगस्ट हाच काळ. एका ठिकाणी पाचशे ते हजार भुंगे सोडावेत, अशी शिफारस आहे. दहा-वीस भुंगे डबीतून नेऊन सोडले की विखुरतात आणि जोडीदारही मिळत नाही. मी स्वतः एकदा डिसेंबरात भुंगे नेऊन सोडले होते. आठवड्यात एकही दिसेना. मेले असे समजून मी त्या जागेवर माती टाकायला हरकत घेतली नाही. पुढे वाचताना कळले की ते बहुधा खालीच होते.

एक कोपरा न हलवता ठेवावा. गुंठा नको, बांधाचा दहा फुटांचा तुकडा पुरे. तिथे नांगर नको, आग नको, फवारा नको. हे बियाण्यासारखे आहे. आपण घरातले सगळे भात खात नाही, पुढच्या वर्षासाठी कणगीत ठेवतोच.

आणि रिकाम्या जागी टाकळा येऊ द्यावा. पहिल्या पावसात उगवणारा आपला टाकळा गाजरगवताला दाटीने मागे सारतो, हे अभ्यासात दिसले आहे. पावसाआधी त्याचे बी फेकले की पुरते. त्याची कोवळी पाने आपण भाजीत खातो आणि पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही खातात. टाकळा गाजरगवताला रोखतो आणि भुंगा उरलेल्याला खातो. दोघांचे काम एकमेकांना पूरक आहे.

चुलते आता नाहीत. त्यांचा भाजीचा तुकडा कुंपणाच्या आत गेला. त्याच्या कडेचा, नाल्यालगतचा पंधरा-वीस फुटांचा बांध अजून कोणाच्या नकाशात आलेला नाही. गेली सहा वर्षे मी तिथे काही करत नाही. कोणी उपटायला आले तर जाऊन बोलतो, एवढेच. यंदा जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर पाचव्या दिवशी तिथे गेलो. बोटभर उंचीची गाजरगवताची रोपे होती. बसून मोजली. शंभर रोपांवर सतरा भुंगे होते, पंखांवर अजून ओली माती. मागच्या वर्षी नऊ होते.

आकडा लहान आहे. वहीत लिहून ठेवला आहे.